निकालाची सुगी

सोयाबीनची रास सुरू झाली की आठ-दहा दिवस अंगाची खाज जात नाही. मळणीच्या यंत्राला आमच्याकडं हडंबा म्हणतात. त्याच्या तोंडातून भुसकट उडतं, मानेवर बसतं, कॉलरच्या आत शिरतं, आणि आंघोळ केली तरी टोचत राहतं. जळकोटच्या शिवारात या दिवसांत कुठंही उभं राहा, दोन-तीन हडंब्यांची घरघर एकात एक मिसळून येते. यंदा पावसानं पीक पाण्यात उभं ठेवलं, शेंगेतच मोड आले. जे हाती लागलं ते काळपट, दमट. तरी भुसकटाचा वास तोच. तो नाकात गेला की मी या सालातून उठतो आणि त्या सालात जाऊन बसतो, ज्या साली कोर्टाचा निकाल आला आणि आमची अक्का गेली.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, मंगल. येरमाळ्याच्या आरोग्य केंद्रात ती नर्स होती, तिथंच निवृत्त झाली. गाव तिला सिस्टर म्हणायचं. तिनं लग्न केलं नाही. हायवेच्या मागं दोन खोल्यांचं घर बांधलं आणि त्या घरात तिच्याबरोबर कुसुमताई राहायच्या.

कुसुमताई उमरगा तालुक्यातल्या. भूकंपात त्यांचा नवरा आणि सासू एकाच भिंतीखाली गेले, तेव्हा त्या वीस वर्षांच्या होत्या. अक्काची ड्युटी त्या भागातल्या पत्र्याच्या शेडांमध्ये लागली होती. तिथं दोघींची गाठ पडली. अक्का तीन महिन्यांनी परत आली ती त्यांना घेऊनच. मग लोकांनी त्याची गोष्ट करून टाकली. भूकंपातली बाई, मागं-पुढं कोणी नाही, सिस्टरनं ठेवून घेतली, केवढं पुण्य केलं. त्या गोष्टीच्या आडोशाला दोघी तीस वर्षं राहिल्या. कुणी वाकडं बोललं नाही, कारण पुण्याला कोण नावं ठेवणार.

मी मात्र फार लवकर ओळखलं होतं. कशावरून, तर त्यांच्या भांडणावरून. एकदा मी गेलो तर चहात साखर जास्त पडली म्हणून दोघींची अशी जुंपली होती, की कुसुमताईंनी कप तसाच मोरीत ओतला आणि अक्का न जेवता ड्युटीवर गेली. दुपारी कुसुमताई शिवणयंत्र बंद करून, डोक्यावर पदर घेऊन, उन्हातून केंद्रावर डबा घेऊन गेल्या. उपकाराखाली राहणारं माणूस असं भांडत नाही, आणि भांडलं तर असा डबा नेत नाही. त्या दिवशी मला सगळं कळलं. कळूनही मी कधी बोललो नाही. मला वाटायचं, न बोलणं हाच माझा मोठेपणा.

त्या उन्हाळ्यात दिल्लीच्या कोर्टात प्रश्न आला, की दोन बायांनी, दोन पुरुषांनी एकमेकांशी केलेलं लग्न कायद्यानं मानायचं का. येडेश्वरीची, म्हणजे आमच्या येडाईची, यात्रा नुकती होऊन गेली होती. डोंगरावरून खाली येणाऱ्या वाऱ्यात अजून नारळाचा, गुलालाचा वास होता. अक्कानं मला फोन करून बोलावलं. सुनावणी मोबाईलवर दिसते, पण सगळं इंग्रजीत, आणि मी इंग्रजीचा मास्तर. रविवारी मी गेलो. पंखा गरम हवा फिरवत होता. अक्का फरशीवर भिंतीला टेकून बसली होती आणि कुसुमताई यंत्रावर कुणाच्या तरी ब्लाऊजला बाह्या जोडत होत्या.

मी आठवडाभराचं साठलेलं बोलणं ऐकत होतो आणि थांबून थांबून मराठीत सांगत होतो. एक वकील सांगत होते की लग्न म्हणजे दोन माणसांनी एकमेकांचा भार उचलणं, त्यात बाई-पुरुष कशाला बघायचं. दुसरे म्हणत होते की असं केलं तर घराण्याची, वारशाची सगळी घडी विस्कटेल. अक्का मधेच विचारायची, "हे आपल्या बाजूचे का त्यांच्या?" आपल्या बाजूचे, हे ती इतक्या सहज म्हणाली की मी मोबाईलकडंच बघत राहिलो. मग कुणीतरी म्हटलं, ही शहरातल्या शिकल्या-सवरलेल्या लोकांची खुळं आहेत, खेड्यापाड्यात असलं काही नसतं. ते मी सांगितलं आणि यंत्र थांबलं.

"आपून कंच्या शहरातले म्हणायचे मग?" कुसुमताईंनी विचारलं.

अक्का खूप हसली. डोळ्याला पदर लावून हसली. मीही हसलो. बाहेर हायवेवरून ट्रक जात होते, खिडकीची काच थरथरत होती, आणि त्या खोलीत आम्ही तिघं तीस वर्षांत पहिल्यांदा त्या गोष्टीच्या आडोशाबाहेर आलो होतो.

निघताना अक्का फाट्यापर्यंत माझ्यासोबत चालत आली. एसटीची वाट बघत असताना तिनं सांगितलं की तिला बँडबाजा नको, मांडव नको. "एकाच गोष्टीची आस हाय बग. सरकारच्या कागदावर कुठंतरी माझ्या नावाशेजारी कुसुमचं नाव पायजे. म्या गेल्यावर ती कुणाची न्हाय, असं व्हाय नगं."

मी काय म्हणालो? मी म्हणालो, "आता या वयात कशाला हे, अक्का? समदे मानतेतच की तुमाला."

तिनं माझ्याकडं बघितलं, आणि एसटी आली म्हणून सांगितलं.

आमच्या शाळेतही त्या दिवसांत यावर वाद व्हायचे. एक जण म्हणायचे, आता हेच बघायचं बाकी राहिलं होतं. एक नवीन सर म्हणायचे, कुणाच्या घरात कोण राहतं याचं आपल्याला काय पडलंय. कुणीतरी पाचकळ विनोद करायचं आणि सगळी खोली हसायची. मी पेपर तपासत असायचो. एकदा मीही हसलो. लाल पेन हातात होतं, ते कागदावर टेकलेलं राहिलं आणि एका पोराच्या उत्तरावर मोठा डाग पडला. तो डाग मला अजून दिसतो.

पाऊस आला, पेरण्या झाल्या आणि श्रावणात त्यानं महिनाभर दडी मारली. सोयाबीन फुलात असतानाच पानं दुपारची उलटी व्हायला लागली. त्याच महिन्यात अक्काच्या पोटात दुखायला लागलं. आयुष्यभर दुसऱ्यांना तपासणीला पाठवलेली बाई स्वतः दीड महिना सोडा पिऊन राहिली. सोलापूरला नेलं तेव्हा डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. गाठ होती आणि ती पसरली होती.

दवाखान्यात भरती करताना खिडकीतल्या माणसानं विचारलं, पेशंटचे तुम्ही कोण? मी भाऊ, म्हणालो. मग त्यानं कुसुमताईंकडं बोट केलं, सोबत राहणार त्या कोण? कुसुमताईंनी माझ्याकडं बघितलं. माझ्या मागं रांग होती. मी म्हणालो, घरीच असतात त्या, सगळं त्याच बघतात. त्यानं काहीतरी लिहिलं आणि गळ्यात घालायचा पास दिला. पासावर इंग्रजीत 'केअरटेकर' असं लिहिलेलं होतं.

अकरा दिवस तो पास त्यांच्या गळ्यात होता. एका दुपारी अक्काला डुलकी लागली असताना त्यांनी तो हातात घेऊन विचारलं, "मास्तर, ह्येचा अर्थ काय व्हतो?"

मी म्हणालो, "काळजी घेणारी."

"मग बरोबर हाय," त्या म्हणाल्या आणि पास पुन्हा पदराखाली सरकवला.

माझी आयुष्यभराची नोकरी शब्दांचे अर्थ सांगण्यात गेली. मी अर्थ चुकीचा सांगितला नव्हता. तरी त्या क्षणाइतकं खोटं मी दुसरं कधी बोललो नसेन.

ऑपरेशन करण्यात अर्थ नाही, घरी न्या, असं शेवटी सांगितलं. येरमाळ्याला परतताना गाडीत अक्का म्हणाली, एक वकील बघ, घर कुसुमच्या नावानं लिहून ठेवायचंय. मी म्हणालो, आधी बरी हो, दिवाळीनंतर बघू. मृत्युपत्राचं बोललं की मरणाला बोलावल्यासारखं होतं, असं आपल्याकडं मानतात. मी तेच मानलं. खरं सांगायचं तर मला ते टाळायला बरं पडलं.

निकाल आला तेव्हा नवरात्र नुकतं बसलं होतं. कर्नाटकातून तुळजापूरला पायी निघालेली माणसं आमच्या शेताच्या कडेनं जात होती. बायकांच्या डोक्यावर परड्या, पोरांच्या हातात ज्योत, पायाला चिंध्या गुंडाळलेल्या. मी रजा टाकून राशीला आलो होतो. त्या साली शेंगा अर्ध्याच भरल्या होत्या. दाणा हातात घेतला तर ज्वारीएवढा. दुपारी मोबाईलवर बातमी वाचली आणि मोबाईल खिशात घातला. मला वाटलं, संध्याकाळी फोन करू, उद्या करू. तेवढ्यात तिचाच आला. हडंब्याच्या आवाजात काही कळेना म्हणून मी हातानं खूण करून यंत्र थांबवायला लावलं. एकदम सगळं शिवार गप्प झालं.

"सुधा, काय म्हणले रे कोर्टात? टीव्हीवर समदे एकदमच बोलायलेत, कळंना."

"न्हाय म्हणले, अक्का."

"समदेच?"

"लग्नाचं म्हणशील तर समदेच. कायदा करायचा तर संसदेनं करावा, म्हणले."

मग मी घाईघाईनं बाकीचं सांगायला लागलो. काही गोष्टींवर न्यायमूर्तींमध्ये दुमत होतं. दोघा न्यायमूर्तींनी चांगलं लिहिलंय. सरकार एक समिती नेमणार आहे, ती रेशन कार्ड, बँकेचं खातं, दवाखाना यातल्या अडचणी बघणार आहे. तिनं सगळं ऐकून घेतलं. तिचा श्वास मला ऐकू येत होता, आत ओढताना घरघरणारा.

"समितीला किती दिस लागतेत?" तिनं विचारलं.

मी म्हणालो, लागतील थोडे.

"बरं," ती म्हणाली. "मशीन थांबवून ठिवू नगंस. लोक खोळंबले असतेल."

यंत्र पुन्हा सुरू झालं. भुसकट डोळ्यात गेलं असं दाखवायला मला सोपं गेलं.

त्या दिवशी येरमाळ्यात काय झालं ते कुसुमताईंनी मला फार नंतर सांगितलं. त्यांनी अक्कासाठी नवरात्राचे उपवास धरले होते, नुसत्या पाण्यावर. निकाल कळल्यावर अक्कानं टीव्ही बंद करायला लावला आणि म्हणाली, तू जेवलीस तर मी दोन घास खाते. कुसुमताईंनी भात टाकला, वरण केलं, आणि तिसऱ्या माळेलाच उपास सोडला. दोघी एका ताटात जेवल्या. "येडाईला राग यायचा आसंल तर येऊ दे म्हणलं," त्या म्हणाल्या. "देवीनं मागितला व्हता तरी कुठं उपास. म्याच धरला व्हता."

अक्का दसऱ्यानंतर चार दिवसांनी गेली. सकाळचे दहा वाजले असतील. मी पोचलो तेव्हा कुसुमताईंनी तिचे केस विंचरून ठेवले होते.

त्यांनी माझ्याकडं एकच मागितलं. माती येरमाळ्यात व्हावी. गावातली निम्मी बाळं सिस्टरच्या हातावर जन्मली होती, माणसं गोळाही झाली होती. पण जळकोटहून चुलतभाऊ आले होते. घराण्यातली लेक, बिनलग्नाची, तिची माती आपल्या शेतात व्हायला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांचं ऐकलं. रुग्णवाहिकेत माझ्याशेजारी एक जागा होती. मी कुसुमताईंना म्हणालो, तुम्ही बायकांबरोबर मागून जीपनं या. त्या जीपमध्ये जाऊन बसल्या.

जीप तुळजापूरच्या अलीकडं बंद पडली. इकडं दिवस कलला. चुलतभाऊ म्हणाले, आता उशीर नको. मी म्हणालो, थोडं थांबू. ते म्हणाले, कुणासाठी थांबायचं? सगळी भावकी माझ्या तोंडाकडं बघत होती. समोर कापलेलं सोयाबीनचं रान, धसकटं उभी, आणि मध्ये रचलेली लाकडं. मला सांगता आलं असतं. मी मान खाली घातली आणि पुढं झालो.

कुसुमताई आल्या तेव्हा ज्वाळा खाली बसल्या होत्या. त्या बांधावरच बसल्या. रडल्या नाहीत. थोड्या वेळानं त्या हातातल्या बांगड्या एकेक करून काढायला लागल्या. विधवा म्हणून त्यांचे हात मोकळे असायचे, पण अक्कानं कितीतरी वर्षांपूर्वी येडाईच्या यात्रेत त्यांना हट्टानं बांगड्या भरायला लावल्या होत्या, आणि तेव्हापासून दरवर्षी त्या भरायच्या. माझी बायको छाया जवळ गेली आणि तिनं त्यांचा हात धरला. काढू नका ताई, म्हणाली.

"पयल्यांदा काढल्या तवा शेडात धा बाया जमल्या व्हत्या," कुसुमताई म्हणाल्या. "धरून रडल्या माझ्यासंगं. वळखीच्या बी न्हवत्या. आन् ह्या बारीला म्याच काढायलेय."

छाया तिथंच मातीत त्यांच्याशेजारी बसली. मी लांब उभा होतो, पुरुषांच्या घोळक्यात.

घर माझ्या नावावर झालं. कायद्यानं मीच वारस. मी कुसुमताईंना म्हणालो, तुम्ही राहा, घर तुमचंच आहे. त्या राहिल्या. पण गेलो की मला खुर्ची द्यायच्या, चहा विचारायच्या, आणि स्वतः उभ्या राहायच्या. गावानं तीस वर्षं सांगितलेली गोष्ट आता खरी झाली होती. त्या दुसऱ्याच्या उपकारावर राहत होत्या, आणि तो दुसरा मी होतो.

पुढच्या उन्हाळ्यात मी बक्षीसपत्राचा मसुदा करून घेतला. वाटलं, एवढं तरी आपल्या हातात आहे. त्यांनी चष्मा लावून एकेक ओळ बोट ठेवून वाचली. वकिलानं लिहिलं होतं की सदर बाईंनी माझ्या बहिणीची अनेक वर्षे निःस्वार्थ सेवा केली, म्हणून खुशीनं हे घर देत आहे. 'सेवा' या शब्दावर त्यांचं बोट थांबलं.

"म्या सेवा न्हाय केली, मास्तर," त्या म्हणाल्या. "म्या संसार केला."

मी म्हणालो, तो शब्द बदलून घेऊ. काय लिहायचं ते तुम्ही सांगा. त्यांनी कागदाची घडी घालून माझ्या हातात दिली. तुम्ही वाईट नाही, म्हणाल्या, पण हे तुम्ही दिलेलं होईल, तिनं दिलेलं होणार नाही.

महिन्याभरानं त्यांनी घर सोडलं. भूकंपानंतर नव्या वसवलेल्या गावात सरकारनं त्यांना एक घर दिलं होतं, मेलेल्या नवऱ्याची बायको म्हणून. ते त्यांनी कधी उघडून बघितलं नव्हतं. आता तिथंच जाणार होत्या. मी शिवणयंत्र एसटीच्या टपावर चढवायला मदत केली. खिडकीशी बसून त्या मला म्हणाल्या, "त्या घरावर माझं नाव हाय. दोन वर्सं नांदले त्या माणसापशी, त्येचं सरकारनं घर दिलं. आन् तीस वर्सं..." कंडक्टरनं घंटी मारली. त्यांनी वाक्य पुरं केलं नाही, आणि मला वाटतं गाडी उभी राहिली असती तरी केलं नसतं.

कायदा काय करतो, काय करत नाही, याचा मी अलीकडं पुष्कळ विचार करतो. समितीचं पुढं काय झालं ते मी पेपरात शोधत असतो. पण खरं सांगू, माझ्या हातून जे जे झालं, त्यातलं निम्मं कुठल्या कायद्यानं मला करायला लावलं नव्हतं. रुग्णवाहिकेतली ती जागा कोर्टानं अडवली नव्हती. कायदा असता तर मला बोलायचा धीर आला असता, असं मी स्वतःला सांगतो. कधी ते पटतं, कधी पटत नाही.

यंदाच्या पावसात उमरग्याकडचे नदी-नाले फुगल्याच्या बातम्या यायला लागल्या तेव्हा मी कुसुमताईंना फोन केला. वर्षभरात केला नव्हता. घर उंचावर आहे, काही झालं नाही, त्या म्हणाल्या. चार बायका शिवणकाम शिकायला येतात. गुडघे दुखतात. फोनमध्ये त्यांच्याकडचा पत्र्यावरचा पाऊस ऐकू येत होता. अक्काच्या बाजूनं बघितलं तर बहिणीच्या माणसाला दाजी म्हणतात, आणि बाईमाणसाला दाजी कसं म्हणायचं हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मी जो शब्द जवळचा होता तो घेतला.

"वहिनी," मी म्हणालो, "राशीला या इकडं. छाया वाट बघायलीय."

पलीकडून बराच वेळ काही आलं नाही. मला वाटलं फोन तुटला.

"मंगल लई वाट बघत व्हती, तुमी कधीतरी आसं हाक मारताल म्हणून," त्या म्हणाल्या. "ह्येला काय कोर्ट लागत व्हतं व्हय, मास्तर?"

आवाजात राग नव्हता. येते का नाही, ते त्यांनी सांगितलं नाही.